तिळाएवढी गाठ

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, उभा जन्म लोकांचं रक्त काढण्यात गेला तुमचा. त्यातल्या गमतीजमती लिहा की अंकाला." गमती आहेत, नाहीत असं नाही. त्या सांगतोच. पण लिहायला बसलं की हात एका दुसऱ्याच गोष्टीकडं वळतो. ती मी बायकोलासुद्धा कितीतरी वर्षं सांगितली नव्हती. तेव्हा आधी गमती घ्या, मग तीही ऐकून घ्या.

मी भालकीला एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. दोन गाळ्यांची लॅब, समोर डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे, माणूस रस्ता ओलांडून आमच्याकडं यायचा, आम्ही रक्त काढायचं, तपासायचं आणि आकडा लिहून परत पाठवायचं. गावात माझं नाव कुणी घेत नसे. "रगतवाला अण्णा" म्हटलं की पोरंसोरंसुद्धा घर दाखवायची, आणि रडणाऱ्या पोरांना आया माझ्या नावानं भीती घालायच्या. आता बोला!

आमच्या भागात सुई टोचायलासुद्धा तीन भाषा लागतात. कन्नड माणसाला "अंजब्याडरी", दखनी बोलणाऱ्याला "डरो नक्को", मराठी माणसाला "भिऊ नका". तिन्ही भाषांत माणूस तितकाच भितो, ते सोडा. सकाळी उपाशी या म्हणून बजावावं, तर एक म्हातारे पाटील हात पुढं करून सांगतात, "उपासच हाय की. सकाळधरनं निस्ती भगर आन् शेंगदाण्याची आमटी खाल्लीय." दुसरे एक आजोबा नळीकडं टक लावून बघत म्हणाले, "एवढं रगत घेतलास लेकरा, आता च्या तरी पाज." पाजला. एक बाई मात्र उरलेलं रक्त परत मागायला आली होती. कुणाच्या हातात पडलं तर करणी होईल म्हणे. तिच्यासमोर ते नालीत ओतून वर फिनेल टाकलं, तेव्हा ती उठली.

आमच्या कामात सगळ्यात साधी आणि जुनी तपासणी म्हणजे ईएसआर. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचं, काचेच्या बारीक, उंच नळीत भरायचं, नळी स्टँडला सरळ उभी करायची आणि एक तास थांबायचं. बस्स. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. तासात किती खाली बसल्या, तेवढा आकडा. अंगात कुठं दाह असला, आत कुठं सूज असली, की रक्तात एक चिकटपणा वाढतो. मग पेशी दुरडीतल्या भाकरीसारख्या एकीवर एक चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. आकडा चढतो. सूज कुठं आहे ते ही नळी सांगत नाही. काहीतरी जळतंय, एवढंच सांगते. लोक विचारायचे, "तासभर काय करायलात हो?" मी म्हणायचो, "नळी बघायलोय." त्यांना वाटायचं, हा माणूस कामचुकार आहे.

डॉक्टर मात्र नळीला मानायचे. वरचेवर म्हणायचे, "यंत्रं येतील-जातील, तुमच्या नळीवर माझा भरवसा आहे." मला त्याचा गर्व होता. कशाला खोटं बोलू, अजूनही आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

तो भालकीच्या बाजाराचा दिवस होता. बाकावर जागा नव्हती, दारात चपलांचा ढीग. तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला आणि चौघं जण एका बाईला धरून आत घेऊन आले. बावीस-तेवीसची असेल. केस विस्कटलेले, पदराचं भान नाही. संगीता तिचं नाव. माहेर कडगंचीचं, दिलेली भालकीजवळच्या मेहकरला. सहा महिन्यांची मुलगी होती तिला, ती सासूच्या कडेवर. सासू चिठ्ठी पुढं करत म्हणाली, "बाळंतपणापास्नं आसंच करायलीय. पोरीला दूध पाजंना, ह्यात इख हाय म्हणती. भितीतनं माणसं बोलायलीत म्हणती. येड लागलंय, दुसरं काय?"

चिठ्ठीवर डॉक्टरांनी हिमोग्लोबिन लिहिलं होतं आणि खाली ईएसआर. ईएसआरखाली दोनदा रेघ मारली होती. दोनदा रेघ म्हणजे त्यांना कसला तरी संशय असायचा. पुढं मला कळलं, तिचे सांधे दुखत होते, रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा, तोंडात फोड होते, केस मूठ-मूठ गळत होते. घरच्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. वेडापुढं सांधेदुखी कोण मोजतो? डॉक्टरांनी मोजली होती.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगतो. कुठंही लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. डोक्याचा पेशंट आला की त्याला सगळ्यांच्या आधी घ्यायचं, पटकन रक्त काढायचं आणि बाहेर पाठवायचं. बाकीची गिऱ्हाईकं बिचकतात, लेकरं रडतात. आम्ही याला माणुसकी म्हणायचो.

नवरा आणि दीर खांदे धरून, दोघं पाय धरून. मी दंडाला पट्टा बांधला. ती ओरडत होती, "विख घालायलेत, मला विख घालायलेत!" हात हिसडला की सुई हलायची. रक्त थेंब थेंब आलं. आमच्या धंद्यात असं रक्त वाईट. धार लागली पाहिजे, आणि लगेच औषधात मिसळलं पाहिजे. पण कसंबसं पुरेसं मिळालं. मी कापूस दाबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "झालं का अण्णा?"

"झालं बाई, झालं," मी म्हणालो.

तिला बाहेर नेलं आणि मी बाटली हलवून उजेडात धरली. आत एक गाठ होती. तिळाएवढी असेल. रक्त यायला वेळ लागला, तेवढ्यात थोडं गोठलं होतं.

नियम काय आहे तो मला शिकाऊ असल्यापासून पाठ. गाठ दिसली की नमुना फेकायचा, पुन्हा घ्यायचा. त्यात वाद नाही. कारण जो चिकटपणा पेशींना एकमेकींना चिकटवतो, तोच गोठताना खर्ची पडतो. गाठ काढून टाकली तर तिच्याबरोबर नेमकी तीच गोष्ट निघून जाते जी आपल्याला मोजायची असते. मग पेशी सुट्या राहतात, सावकाश बसतात आणि आकडा खोटा, कमी येतो. हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवलेलं आहे.

मी दाराकडं बघितलं. ती बाहेर पायरीवर बसली होती, डोकं भिंतीला टेकून, दमून गप्प झाली होती. पुन्हा आत आणायचं, पुन्हा चौघांनी धरायचं, पुन्हा ते ओरडणं. मला दया आली. आणि बाकावर वीस माणसं होती, हेही लिहितो. दया होतीच, पण घाईही होती. कोणती जास्त, ते आज मला सांगता येत नाही.

मी लाकडी काडी घेतली, गाठ अलगद काढली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि रक्त नळीत भरलं. तासानं आकडा आला चौदा. अगदी निरोगी बाईचा.

माझ्या वहीत आकड्याशेजारी मी बारीक अक्षरात "गा. का." लिहिलं. गाठ काढली. ती माझी माझ्यासाठी खूण होती. रिपोर्टवर मात्र नुसतं चौदा गेलं, खाली माझी सही.

संध्याकाळी डॉक्टर रस्ता ओलांडून चहाला आले. म्हणाले, "त्या मेहकरच्या पोरीचं मला वेगळंच काही वाटत होतं. हैदराबादला पाठवायच्या विचारात होतो. पण तुमच्या नळीत चौदा आहे, म्हणजे अंगात दाह नाही. मनाचंच असणार. लातूरला मानसोपचारवाल्यांकडं चिठ्ठी देतो."

मी बशीत चहा ओतला आणि मूग गिळून बसलो. एक वाक्य पुरलं असतं. "डॉक्टर, नमुना चांगला नव्हता." भरवशाच्या माणसाला असं वाक्य फार महाग पडतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. लातूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या बाजूनं गोळ्या बरोबरच दिल्या होत्या. हातात आलेल्या कागदावर रक्त चांगलं लिहिलेलं, ते तरी काय करणार? थोडी झोप लागली, पण ताप जाईना, आवाज जाईनात. घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आणि बाहेरचं बघणाऱ्याकडं नेलं. तिथं तिला खांबाला बांधून ठेवत. हातावरचे वळ मी नंतर पाहिले, तिथंच मला शीर शोधायची असायची. वर्ष व्हायच्या आत पंच बसले. वेड्या बाईच्या हातात लेकरू देता येत नाही, असं ठरलं. सोडचिठ्ठी झाली, नवऱ्यानं दुसरी केली, आणि मुलगी श्रावणी मेहकरलाच राहिली.

तिला वाचवलं तिच्या भावानं. नागनाथ त्याचं नाव, कडगंचीला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बहिणीला एक दिवस फिट आली, तसा तो तिला गाडीत घालून थेट कलबुर्गीला घेऊन गेला. तिथल्या एका तरुण डॉक्टरानं सगळं नव्यानं तपासलं. ईएसआर एकशे दहा. लघवीतून प्रथिनं जात होती. मग आणखी मोठ्या तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, ल्युपस. शरीराची राखण करणारी फौज उलटते आणि आपल्याच घराला आग लावते. कुणाचे सांधे, कुणाची किडनी, आणि काही जणांचा मेंदू. त्या आगीचा धूर मेंदूत गेला की माणसाला भिंतीतून आवाज येतात, दुधात विष दिसतं. दाह उतरवणारी औषधं सुरू झाली, आणि काही आठवड्यांत संगीता शुद्धीवर आली. शुद्धीवर येऊन तिनं पहिलं विचारलं, "माझी पोरगी कुठाय?"



दोन वर्षांनी ती एकटी चालत लॅबमध्ये आली तेव्हा मी ओळखलंच नाही. नीट नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत फाईल. "अण्णा, दर तीन म्हयन्याला रगत बघायचं सांगितलंय." भालकीत तिनं खोली घेतली होती, ब्लाऊज शिवायची. माहेर सोडून इथं का, असं मी विचारलं. म्हणाली, "पोरगी हितल्या साळंत घालणार हायत म्हणं. साळंपशी ऱ्हायलं की दिसंल तरी."

फाईल चाळता चाळता एकशे दहा दिसलं. ती गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. पान सापडलं. संगीता, मेहकर, चौदा, गा. का. माझंच अक्षर. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनाही ती भेटली होती. ते संध्याकाळी आले, चहा न घेताच बसले आणि म्हणाले, "आपल्या हातून सुटलं की हो ते. मला वास आला होता. मी एका रिपोर्टवर विसंबायला नको होतं, पुन्हा तपासायला पाहिजे होतं. माझीच चूक." वही माझ्या टेबलाच्या खणात होती, त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. मी खण उघडला नाही. पुढं काही वर्षांनी डॉक्टर वारले. ती चूक त्यांनी आपल्याच नावावर ठेवून नेली. स्मशानातून परत येताना मला हे सारखं आठवत होतं आणि लोक म्हणत होते, अण्णाला फार लागलंय, किती वर्षांची सोबत!

आता त्यांच्या दवाखान्यात नव्या मॅडम बसतात. त्यांना मी एकदा विचारलं, डोकं फिरणं आणि अंगातली सूज यांचा एवढा संबंध असतो का हो? त्या हसल्या. "अंकल, मेंदू काय धडापासून वेगळा ठेवलाय का?" मग त्यांनी समजावून सांगितलं. संगीतासारखे आजार थोडे, पण असतात. आणि वर्षानुवर्षं उदास राहणाऱ्या काही माणसांच्याही रक्तात दाहाच्या खुणा सापडतात. सगळ्यांच्या नाही. आधी उदासी की आधी दाह, हेही अजून नीट कळलेलं नाही, शोध चाललाय. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या चालू गोळ्या बंद करू नका, आणि वेड म्हणजे ईएसआर असंही समजू नका. मी रक्त काढणारा माणूस, डॉक्टर नव्हे. मला एवढंच कळलं, की त्या दिवशी मी बाहेर पायरीवर एक वेडी बाई बसलेली बघितली. आजारी बाई बघितली असती, तर कदाचित दुसरी सुई काढली असती. सांधे धरलेल्या म्हातारीचा नमुना गाठीचा निघाला, तर मी तिला बिनदिक्कत पुन्हा टोचत असे.

ती दर तीन महिन्यांनी येत राहिली. खुर्चीत बसून स्वतःच बाही वर करायची. श्रावणीच्या गोष्टी सांगायची. जेवणाच्या सुट्टीत ही शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते, कधी चिवडा, कधी गुळाची पोळी घेऊन. सासरची माणसं आता काही म्हणत नाहीत. एकदा मी विचारलं, "तुला आई म्हणती का गं?"

"न्हाई. आई म्हंजी तिला ती दुसरी. ल्हानपनापास्नं तिनंच केलंय, तिची काय चूक? मला भालकीची अक्का म्हणती." मग म्हणाली, "ग्वाड वाटतंय ऐकायला." आणि कापूस धरून निघून गेली.

निवृत्तीला आठवडा राहिला तेव्हा तिची तारीख आली. लॅबमध्ये आता मशीन होतं, नळ्या कपाटात गेल्या होत्या. मी दार ओढून घेतलं, खणातली वही काढली आणि ते पान तिच्यापुढं ठेवलं. सगळं सांगितलं. गाठ, काडी, चौदा, डॉक्टरांचा चहा. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा गप्प बसलो असतो. शेवटी म्हणालो, "तुला लई धरलं होतं गं त्या दिवशी. परत टोचायला माझा जीव झाला न्हाई. चुकलं माझं."

ती वहीकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, वही फेकून मारेल. मी त्याला तयार होतो. खरं तर त्याचीच वाट बघत होतो.

"केवढी होती ती गाठ?" तिनं विचारलं.

मी अंगठ्याच्या नखाचं टोक दाखवलं. "तिळाएवढी."

तिनं स्वतःचं नख तसंच धरून बघितलं. मग म्हणाली, "चौघं धरून होते की अण्णा मला. मी कुठं पळून चालले होते? आणिक एकदा टोचायचं व्हतं."



तिनं वही मिटली, माझ्याकडं सरकवली आणि बाही वर केली. तारखेचं रक्त द्यायचं राहिलंच होतं. मी पट्टा बांधला, शीर चाचपली, त्याच वळांच्या शेजारी. एवढी वर्षं या हाताला अंधारातही शीर सापडायची. त्या दिवशी सुई आत गेली आणि रक्त आलं नाही. चुकली होती. मी तशीच बाहेर काढली. कापूस दाबला आणि पट्टा सोडायला लागलो.

"टोचा परत," संगीता म्हणाली. "मी हालत न्हाई."

मी परत टोचलं.